बुडालेल्या रानाचे दप्तर

मालव्यात येऊन वसलेल्या मराठी घराण्यांना ‘दप्तर’ या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको. धारच्या पवारांच्या आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या पदरी आलेल्या कुटुंबांकडे सनदा, महजर, हिशेबाचे ताव आणि पत्रे पिढ्यानुपिढ्या साठत गेली. पुष्कळ घरांतून हे मोडी कागद रुमालात बांधून माळ्यावर पडून राहिले. काहींना वाळवी लागली, काही बंबात गेले. जे उरले त्यांचे भाग्य उघडले, ते इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारखी माणसे कागदांसाठी दारोदार फिरू लागली तेव्हा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. पुण्याचे पेशवे दप्तर तर इंग्रजी अमलात अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळेपणाने पाहावयास मिळत नव्हते. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. आमच्या धारेतही काशिनाथ कृष्ण लेले यांनी स्थानिक इतिहासाची साधने गोळा करण्यात पुष्कळ श्रम वेचले.

या साऱ्या खटाटोपातून एक साधा धडा मिळतो. कागद असणे वेगळे आणि कागद वाचावयास मिळणे वेगळे. रुमालाची गाठ सुटेपर्यंत त्यातील मजकूर इतिहासाच्या कामाचा नसतो.

आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते अशाच एका दुसऱ्या दप्तराकडे. ते मोडीत लिहिलेले नाही आणि त्यात लढाया वा तहनामे नाहीत. त्यात आहेत आपल्या मुलखातील गवते, झाडे, पाखरे आणि मासे. धरण, खाण, कारखाना किंवा महामार्ग उभारण्यापूर्वी त्याचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अंदाज घेण्याची पद्धत आपल्याकडे गेली चाळीस वर्षे रूढ होत आली आहे. तिला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. या निमित्ताने माणसे रानात हिंडली, नदीत जाळी टाकली, याद्या झाल्या, नकाशे झाले. ते सर्व गेले कोठे, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो निव्वळ जिज्ञासेचा नाही, कारण ज्या जागांच्या या नोंदी आहेत त्यांतील कित्येक जागा आज पाण्याखाली आहेत.

आधी जुन्या नोंदींचे पाहू. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली मध्य हिंदुस्थान व मालवा यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९०८ च्या सुमारास लुआर्ड यांच्या देखरेखीखाली मध्य भारतातील संस्थानांच्या गॅझेटियरांची माला निघाली. त्या राज्यकर्त्यांचा हेतू महसूल व बंदोबस्त हा होता, हे उघड आहे. तरीही या मुलखाचे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे रूप पाहू इच्छिणाऱ्यास आजही प्रथम तिकडेच वळावे लागते. सालिम अली यांनी मध्य भारतातील संस्थानांच्या मुलखात पक्ष्यांची पाहणी केली आणि ह्यू व्हिसलर यांच्यासमवेत तिचा वृत्तान्त १९३९-४० साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. कोणता पक्षी, कोठे, कोणत्या तारखेस, कोणी पाहिला वा मिळविला, हे सारे अशा पाहणीत नोंदलेले असते.

नर्मदेच्या माशांचेही असेच. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेतील मासे व मासेमारी यांचा अभ्यास केला आणि तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी नदीवर एकही मोठे धरण नव्हते. नर्मदाकाठी ज्याला बाडस म्हणतात तो महाशीर कोळ्यांच्या पकडीत किती असे, हे आज सांगता येते ते या छापील अभ्यासामुळेच. मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीराला राज्यमत्स्याचा मान दिला. तोवर त्याची संख्या ओसरल्याची ओरड सुरू झाली होती. ती ओरड मोजमापाच्या आधारावर करता आली, कारण तुलनेसाठी जुना आकडा सर्वांसमोर होता.

आता नव्या नोंदींकडे येऊ. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ साली झाला. त्यानंतर जून १९८७ मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने सरदार सरोवर आणि तेव्हा नर्मदासागर म्हणून ओळखला जाणारा आजचा इंदिरा सागर, या दोन्ही प्रकल्पांना सशर्त मान्यता दिली. वनस्पती व प्राणी यांची पाहणी, पाणलोट क्षेत्राचा उपचार, लाभक्षेत्राचा विकास, पर्यायी वनीकरण, पुनर्वसन, अशा अनेक बाबींचे अभ्यास व आराखडे ठरल्या मुदतीत, म्हणजे १९८९ पर्यंत पुरे व्हावयाचे होते. थोडक्यात, मान्यता आधी आणि पाहणी मागाहून. ज्या पाहणीवरून निर्णय व्हावयाचा, ती निर्णयानंतर करावयाची, असा हा उलटा क्रम होता. पुढे बांधकाम आणि पर्यावरणाची कामे एकमेकांच्या बरोबरीने चालावीत, असे तत्त्व मानले गेले. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ च्या अहवालात सरदार सरोवराच्या पर्यावरणविषयक अभ्यासांतील उणिवांवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने बांधकामास वाट मोकळी करून दिली.

अभ्यास झालेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने सरदार सरोवराच्या परिसराचा अभ्यास करून तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने नर्मदासागर व ओंकारेश्वर प्रकल्पांचा वनस्पती, प्राणी आणि तेथील माणसे यांवर होणारा परिणाम अभ्यासून १९९४ साली अहवाल दिला. इंदिरा सागराच्या जलाशयाखाली ९१ हजार हेक्टरांहून अधिक भूमी गेली आणि त्यात सुमारे ४० हजार हेक्टर वन होते. खंडवा, हरदा आणि आपला देवास या जिल्ह्यांच्या नर्मदाकाठच्या पट्ट्यातील ते रान होय. २००४ च्या पावसाळ्यात हरसूद गाव उठले, त्याची छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांनी छापली. रानाची छायाचित्रे कोण काढणार? त्या रानात काय होते याची शेवटची शास्त्रीय साक्ष म्हणजे ते अभ्यास.

धार जिल्ह्यातही तेच घडले. सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद करण्यात आले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला. चिखलदा, निसरपूर ही नावे आता वस्तीपेक्षा पाण्याची आठवण करून देतात. या काठाच्या गाळाच्या जमिनी, डोह, कुरण आणि किनाऱ्याची झाडी पुन्हा पाहावयास मिळणार नाहीत. त्यांची जी काही नोंद झाली असेल तीच आता त्यांचे अस्तित्व होय.

१९९४ च्या अहवालाने बुडीत वनाच्या भरपाईसाठी उरलेल्या वनात राष्ट्रीय उद्यान व अभयारण्ये करण्याची शिफारस केली होती. ओंकारेश्वर अभयारण्याची घोषणा राज्य शासनाने केली ती २०२५ मध्ये, आणि त्यात खंडव्याबरोबर देवास जिल्ह्याचेही वन आहे. मधली ३१ वर्षे गेली. या विलंबाची कारणे अनेक असतील, पण एक आम्हांस स्पष्ट दिसते. अहवाल अधिकाऱ्यांच्या कपाटात असेल तर त्याचा तगादा लावणारा बाहेर कोणी उरत नाही. कन्नोद-खातेगावच्या शाळेतील मुलांना, तेथील वकिलांना, पत्रकारांना आपल्या उशाशी असलेल्या रानात काय आहे हे त्यांच्या भाषेत ठाऊक असते, तर तगादा लागला असता. आम्ही आयुष्य राज्य शासनाच्या सेवेत काढले आहे. विचारणारा कोणी असला की फाईल चालू लागते, हे सांगण्यास आम्हांस कोणा ग्रंथाचा आधार नको.

कायद्याचा सांगाडाही पाहिला पाहिजे. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने आघात मूल्यांकन ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना बंधनकारक झाले. १० एप्रिल १९९७ रोजी जनसुनावणीची तरतूद आली. १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, तिच्यात पुढे झालेल्या अनेक बदलांसह, आज या कामाचा पाया आहे. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवावा, त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा आणि सुनावणीपूर्वी लोकांना किमान ३० दिवस मिळावेत, असे ती सांगते. ऑगस्ट २०१८ पासून अर्ज व कागदपत्रे ‘परिवेश’ या सरकारी संगणकीय प्रणालीवर येऊ लागली. वरवर पाहता दप्तर उघडलेच आहे, असे वाटेल.

परंतु तेथे मिळतो तो शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल, आणि त्याच्या शेवटच्या परिशिष्टात प्राण्या-पक्ष्यांची एक यादी. कोणता पक्षी कोठे, कोणत्या दिवशी, किती आणि कोणी पाहिला, हे यादीत बहुधा नसते. दोन याद्या जोडून पाहाव्यात म्हटले तर हाताने उतरवून घ्याव्या लागतात. शिवाय अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे मानधन प्रकल्प उभारणाराच देतो. मूळ टिपणवह्या, छायाचित्रे, जागेचे अक्षांश-रेखांश हे सर्व त्या दोघांत राहते. प्रकल्पाला मान्यता मिळाली की त्या टिपणांची कोणास गरज उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे अगदी लागू पडते, कारण मूठ उघडली तर ती रिकामी निघण्याचीही भीती असते. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात चक्क रशियातील खाणीच्या अहवालातील मजकूर उतरविल्याचे उघडकीस आले होते. मूळ नोंदी जाहीर करण्याचे बंधन असते, तर अशी उसनवारी करण्यास कोणी धजावले नसते.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी दारचे आहे. धार जिल्ह्यात राजगढ आणि सरदारपूर यांच्या आसमंतातील माळ खरमोरासाठी प्रसिद्ध. महाराष्ट्रात याला तणमोर म्हणतात. माळढोकाचा हा लहानखुरा भाऊबंद पावसाळ्यात येथे विणीसाठी येतो आणि नर गवतातून वर उड्या घेत मादीला साद घालतो. संस्थानी काळी जनावरांच्या चाऱ्यासाठी राखलेली गवताची बीडे त्याला आसरा देत. १९८३ साली सरदारपूर परिसरातील सुमारे ३४८ चौरस किलोमीटर क्षेत्र खरमोर अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि त्याच वर्षी रतलाम जिल्ह्यात सैलान्याचेही झाले. तरीही पाखरू ओसरतच गेले. देशभरातील खरमोरांची संख्या १९९९ मध्ये साडेतीन हजारांच्या घरात धरली गेली होती. २०१७-१८ च्या पाहणीत ती सातशेहूनही कमी भरली.

आता आघात मूल्यांकनाची रीत पाहा. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूची पाहणी पुरेशी मानली जाते. नदीखोऱ्यातील धरणांसारख्या काहींनाच अधिक ऋतूंची अट असते. खरमोर येतो तो नेमका पावसाळ्यात. मार्गशीर्षात किंवा चैत्रात माळ हिंडणाऱ्या सल्लागारास तो दिसावा कसा? त्याच्या यादीत खरमोर नाही म्हणजे त्या माळावर खरमोर नाही, असा अर्थ मान्यता देणाऱ्याने घेतला तर दोष एकट्या सल्लागाराला देता येणार नाही. एका प्रकल्पाची एका ऋतूची यादी अशी लंगडीच असणार. पण धार, देवास, रतलाम, झाबुआ येथील वीस-पंचवीस वर्षांच्या सगळ्या याद्या, वनखात्याच्या आणि पक्षिमित्रांच्या पावसाळी नोंदींसह एकत्र ठेवता आल्या, तर लंगडी यादीही कामास येईल आणि तिचे लंगडेपणही दिसेल.

दुसरी गोष्ट अशी की, काही कामे या पद्धतीच्या बाहेरच आहेत. देवासजवळच्या जामगोदरानी टेकडीवरील पवनचक्क्या आपण येता-जाता पाहतो. पवनऊर्जेला आणि रेल्वेमार्गांना २००६ च्या अधिसूचनेखाली आघात मूल्यांकनाची अट नाही. माळावरील पाखरांचा विचार करता ही दोन्ही कामे किरकोळ नव्हेत. जेथे पाहणीच नाही तेथे कोणती नोंद उघडावयाची? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून जेथे पाहणी होते तेथील नोंदींचे मोल अधिकच वाढते.

याविषयी जग स्वस्थ बसलेले नाही. २००१ साली अनेक देशांनी मिळून जैवविविधतेच्या नोंदी सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देणारी एक जागतिक व्यवस्था उभारली. तिचे कार्यालय कोपनहेगनला आहे. आघात मूल्यांकनातील नोंदी कशा प्रसिद्ध कराव्यात याची मार्गदर्शिका तिने २०११ मध्ये काढली. तिच्या लेखकांत भारतीय वन्यजीव संस्थेचे अभ्यासक होते आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेले विश्वास चव्हाण हेही होते, ही आपल्याला अभिमानाची बाब. फ्रान्सने तर ८ ऑगस्ट २०१६ च्या कायद्याने प्रकल्पकर्त्यांवर अशा कच्च्या नोंदी सरकारी भांडारात जमा करण्याचे बंधन घातले आणि २०१८ पासून तशी यंत्रणा चालू केली. मार्गदर्शिका लिहिण्यात आपले लोक होते. बंधन घालणारा कायदा मात्र दुसऱ्यांनी केला.

आपल्याकडे माहिती उघडी करण्यास किती आढेवेढे घेतले जातात, याचा अनुभव पश्चिम घाटाच्या अहवालाने दिला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये तो सादर केला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो देण्याचा आदेश दिला, खाते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले. तेव्हा कोठे मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. त्यावर वाद पुष्कळ झाला, पण तो कागद हाती घेऊन झाला. ही गोष्ट लहान नव्हे.

दोन आक्षेपांचा विचार करणे न्यायाचे होईल. पहिला असा की, दुर्मीळ प्राण्याची जागा जाहीर केली तर शिकाऱ्यास आयतेच आमंत्रण मिळेल. आक्षेप खरा आहे. त्यावर उपायही आहे. अशा जातींचे नेमके ठिकाण राखून ठेवून केवळ तालुका वा मोठा चौकोन जाहीर करण्याची रीत जगभर पाळली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या शेजारच्या शेतकऱ्याचा आहे. सरदारपूरच्या अभयारण्यात पुष्कळ जमीन खाजगी शेतकऱ्यांची. कित्येक वर्षे तेथील गावकऱ्यांना आपली जमीन विकणे दुरापास्त झाले होते. मुलीचे लग्न असो वा दवाखान्याचा खर्च, जमीन असून नसल्यासारखी. ज्या पाखराच्या नोंदीमुळे आपल्या हक्कावर गदा येते ते पाखरू शेतात दिसल्याचे शेतकरी कशाला सांगेल? याच भागात वनखात्याने, शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या व त्याचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यास रोख बक्षीस देण्याची योजनाही राबविली. एकीकडे नोंदीचा दंड आणि दुसरीकडे नोंदीचे बक्षीस, अशा कात्रीत तो शेतकरी सापडला. यावरून आम्ही घेतलेला बोध हा की, नोंद उघडी करताना ती ज्याच्या जमिनीवरची आहे त्याला तिची प्रत प्रथम मिळाली पाहिजे, आणि तीही हिंदीत वा माळवीत समजावून. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. आघात मूल्यांकनाच्या नोंदी त्या नोंदवहीत गेल्या, तर शेतकऱ्यास आपल्या रानाविषयी परक्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही आणि खोटी यादी पहिल्याच वाचनात पकडली जाईल. कारण त्या माळावर काय उडते हे त्याला सल्लागारापेक्षा अधिक ठाऊक असते.

करावयाचे काय, ते थोडक्यात मांडतो. मान्यतेच्या अटींतच मूळ नोंदी, दिनांक, ठिकाण व निरीक्षक यांसह, सार्वजनिक भांडारात जमा करण्याचे कलम असावे. १९८७ नंतरचे नर्मदेचे अभ्यास, परिशिष्टांसह, पुन्हा छापून अथवा संगणकावर चढवून धार, बडवानी, खंडवा, देवास आणि हरदा येथील महाविद्यालयांत ठेवावेत. हे काम शासनाचे आहे. पण वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुने शिकारीचे तक्ते, बीडाच्या लिलावाचे कागद, वनखात्यात नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांच्या रोजनिश्या असतील. त्यांत एखाद्या वर्षी बीडात किती गवत निघाले, कोणत्या ओढ्याला कोणता मासा होता, याच्या सहज केलेल्या नोंदी मिळतील. त्या आपल्या मंडळाकडे निदान नकलून द्याव्यात. राजवाड्यांना आपल्या पूर्वजांनी रुमाल सोडून दाखविले म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहिता आला. मालव्याच्या माळांचा आणि नर्मदेच्या काठांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे, आणि त्याची साधने अजून बऱ्याच अंशी बांधलेलीच आहेत.